वृत्तिका कुणासमोर अडते

"'भरगच्च सभागृहात' असं तुम्ही म्हणालात. सभागृहातल्या निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. हे असंच लिहू?"

पडद्यावर एवढे शब्द उमटले आणि वृत्तिका थांबली. प्रयोगशाळेत वातानुकूलन यंत्राची घरघर तेवढी राहिली. डॉ. हेमलता खैरनार यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कुणी पाहत तर नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं. पाहत होतं. विभागप्रमुख डॉ. वसंत भंगाळे चहाचा कप हातात घेऊन दारातच उभे होते.

"अडली वाटतं पुन्हा?" ते म्हणाले. "मॅडम, तुमचं आणि तिचं पूर्वजन्मीचं काही वैर आहे का हो? आमच्याशी तर कशी लेकीसारखी वागते."

मॅडम कसनुसं हसल्या. 'भरगच्च' हा शब्द काही त्यांचा नव्हता. कार्यक्रम घेणाऱ्या प्राध्यापकांनी जे टिपण पाठवलं होतं, त्यातला तो होता. त्यांनी तो काढला, 'सभागृहात' एवढंच ठेवलं आणि वृत्तिका सुरळीत पुढे लिहू लागली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला एका यंत्रानं विभागप्रमुखांसमोर टोकलं होतं, आणि हे या आठवड्यात पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही.

अनेरकाठ विद्यापीठाच्या संगणनशास्त्र विभागाचं 'विभागवार्ता' नावाचं मासिक वार्तापत्र निघे. कोण पाहुणे आले, कुणाला पीएच.डी. मिळाली, कोणती कार्यशाळा झाली, अशा बातम्या. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या पुढे असलेल्या त्या विद्यापीठाकडे कुणी फारसं फिरकत नसे. त्यामुळे आपण इथं काहीतरी करतोय, हे जगाला सांगण्याचं ते एकमेव साधन होतं. त्याचं संपादन वर्षानुवर्षं खैरनार मॅडमच्या गळ्यात होतं. गेल्या वर्षी नसीम तडवी या संशोधक विद्यार्थिनीनं वृत्तिका हे लेखनयंत्र तयार केलं आणि वार्तापत्र लिहिण्याचं काम त्याच्याकडे गेलं. मॅडमनी बातमी तोंडी सांगायची, वृत्तिकेनं ती नीट लिहायची. विभागप्रमुख म्हणून भंगाळे सरही थेट बातम्या सांगत. बाकीचे सगळे मॅडमकडे टिपणं पाठवत.

नसीमनं या यंत्राची कल्पना विभागाच्या बैठकीत मांडली, तो दिवस मॅडमना चांगला आठवत होता.

"लेखनयंत्रं खोटं का लिहितात?" फळ्याजवळ उभं राहून नसीमनं विचारलं होतं.

"त्यांना खरं-खोटं कळत नाही म्हणून," भंगाळे सर म्हणाले.

"आता कळतं, सर. आपल्या इमारतीत वीज वाचवायला जागोजागी संवेदक बसवलेत. कोणती खोली उघडली, कोणत्या खुर्चीवर माणूस होता, कोणता संगणक चालू होता, सगळं यंत्राला समजतं. तरी आपण 'लिही' म्हटलं की ते लिहितंच. कळतं, पण अडत नाही."

"मग नियम घाल की. खोटं लिहायचं नाही, विषय संपला."

"नियम सगळ्यांनी घालून पाहिलेत, सर. माणसं पळवाट काढतात. मी म्हटलं, आपण स्वतःकडे बघू. मी माझ्या आईसमोर खोटं बोलू शकत नाही. जीभच उचलत नाही. बसच्या कंडक्टरसमोर मात्र खुशाल उचलते." सगळे हसले. नसीमही हसली. "म्हणजे लाज ही कुणाच्या तरी समोर वाटते. पण ती सगळ्यांच्या समोर वाटत नाही. यंत्रात ही गोष्ट घालता येते. प्रत्येक माणसाचा वृत्तिकेजवळ एक साक्षीभार राहील, म्हणजे त्याच्या शब्दाचं वजन. तो माणूस जे सांगेल, ते ती पडताळत जाईल. जुळलं नाही की अडेल आणि विचारेल. चूक तर कुणाचीही होते, त्यानं बिघडत नाही. पण विचारल्यावर माणूस काय करतो, त्यावरनं ती शिकेल. हा भार चढतो हळूहळू. उतरतो मात्र एकदम."

"आम्हाला तो दिसणार का?" खैरनार मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम. दिसला तर विभागात भांडणं होतील."

"थोडक्यात काय, ज्याचा भरवसा नाही त्याला ही पोरगी अडवणार," भंगाळे सरांनी समारोप केला. "बघा बुवा, जपून राहा."

नसीम काहीतरी बोलणार होती, पण तिनं वळून फळा पुसला. तेवढ्यात चहा आला आणि केळ्याच्या वेफर्सची पिशवी फुटली, आणि सरांनी सांगितलेला अर्थच सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला.

पहिले काही आठवडे वृत्तिका दोघांसमोरही अडे. मग हळूहळू सरांसमोर अडणं थांबलं. सर खुर्चीत रेलून सांगत, "अमुक विषयावर एकदिवसीय चर्चासत्र उत्साहात संपन्न झालं, विद्यार्थ्यांनी प्रचंड प्रतिसाद दिला," आणि ओळी झरझर उमटत. त्या चर्चासत्राचा फलक काय तो छापून आला होता, पाहुणे आलेच नव्हते, हे सगळ्या विभागाला माहीत होतं. वृत्तिकेला माहीत नसेल, असं कसं म्हणावं? पण ती चकार शब्द काढत नसे.

आणि खैरनार मॅडम? त्यांनी नुसतं 'मान्यवर' म्हटलं तरी ती विचारी, "व्यासपीठावर एकच व्यक्ती होती. हे असंच लिहू?" त्या दर वेळी निमूटपणे दुरुस्ती करत. करायला लागेच. खोटं त्यांना पुढे रेटताच येत नसे. वडील प्राथमिक शिक्षक होते, आणि घरात खोटं बोललेलं चालत नसे. पण मनातून त्या फार दुखावल्या होत्या. मी असं काय केलंय, त्या स्वतःलाच विचारत. माझ्याच बोलण्यात हिला खोट दिसते, आणि ज्यांनी फलक बदलून बदलून कार्यक्रम साजरे केले, त्यांच्यावर हिचा एवढा विश्वास? एकदा तर त्या घरी नवऱ्यालाही बोलून गेल्या. तो म्हणाला, "अगं, यंत्र आहे ते. त्याचं काय एवढं मनावर घेतेस?" पण मनावर घेतलं होतं. विभागात कुणी त्यांच्या पाठीमागून जाऊ लागलं की त्या पडदा किंचित स्वतःकडे वळवून घेत.

फलक बदलण्याचा प्रकारही सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. विद्यापीठाची मान्यता टिकवायची तर दर काही वर्षांनी मूल्यांकन समिती येते, आणि तिला विभागानं काय काय उपक्रम केले ते दाखवावं लागतं. सगळे उपक्रम खरोखर करायला माणसं आणि वेळ कुठून आणायचा? मग एका दुपारी विद्यार्थ्यांना सभागृहात बसवायचं, मागे एक फलक लावायचा, फोटो घ्यायचा. फलक उतरवायचा, दुसरा लावायचा. "पुढच्या रांगेतले मागे जा रे, मागचे पुढे या. मुलींनो, ओढण्या बदला." पुन्हा फोटो. पोरं या कामात इतकी तयार झाली होती, की फलक सरकला की न सांगता आपापल्या जागा बदलत. यात कुणाला काही वाईट वाटत नसे. सगळीकडे असंच चालतं, एवढं म्हटलं की झालं.

समिती यायला थोडे दिवस उरले होते तेव्हा आश्रमशाळेच्या मुली आल्या. सातपुड्यातल्या एका पाड्यावरची निवासी शाळा. 'आदिवासी मुलींसाठी संगणक कार्यशाळा' हा उपक्रम नसीमच्या आग्रहानं ठरला होता, कारण ती स्वतः त्याच भागातली. पण त्या दिवशी नसीम तिच्या शोधनिबंधासाठी पुण्याला गेलेली. खैरनार मॅडमनी मुलींना बसमधून उतरवून घेतलं. पहाटे निघाल्या होत्या बिचाऱ्या. केसांना तेल चोपडून घट्ट वेण्या, धुतलेले गणवेश, खांद्यावर दप्तरं.

प्रयोगशाळेत सगळं समितीसाठी मांडून ठेवलेलं होतं. संगणक पुसून चकचकीत, तारा बांधून, प्रत्येक पडद्यावर विद्यापीठाचं बोधचिन्ह आणून मग बंद केलेले. भंगाळे सर म्हणाले, "मॅडम, आता कुणी काही चालू करायचं नाही. पुन्हा सगळं लावत बसायला माणूस नाही माझ्याकडे." मुलींना खुर्च्यांवर बसवलं. फोटो काढणारा पडद्यांच्या मागे उभा राहिला, म्हणजे फोटोत पडद्यांची पाठ येते आणि मुलींचे चेहरे. "कळफलकावर हात ठेवा बाळांनो. तिकडे बघा. छान."

पहिल्या रांगेत बसलेल्या एका मुलीनं सांगितल्याप्रमाणे दोन्ही हात ठेवले होते. फोटो झाला तरी तिनं ते उचलले नाहीत. ती काळ्या पडद्याकडे वाट बघत बसली.

"तुझं नाव काय गं?" मॅडमनी विचारलं.

"रमिला बारेला." मग जरा थांबून, दबक्या आवाजात, "मॅडम, हे चालू कधी होईल?"

मॅडमनी दाराकडे पाहिलं. सर फलक उतरवायला सांगत होते.

"जेवण झाल्यावर," त्या म्हणाल्या.

त्या क्षणी त्यांना ते खरंही वाटलं असेल. मुली शेवभाजी आणि पोळी जेवल्या. हात धुऊन बाहेर आल्या तर बस फाटकाशी उभी. घाटात अंधार पडायच्या आत पोचायला हवं म्हणून ड्रायव्हर घाई करत होता. रमिलानं चढताना प्रयोगशाळेच्या खिडकीकडे एकदा पाहिलं. मॅडमकडे पाहिलं नाही. मॅडमनी हात हलवला, आणि तो हलवता हलवता त्यांना स्वतःचीच अशी काही लाज वाटली, की त्यांनी तो मध्येच खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांना खोलीत बोलावलं.

"कालच्या कार्यशाळेची बातमी राहिली, मॅडम. आज टाका. समाजोपयोगी उपक्रम म्हणून दाखवायला आपल्याकडे एवढा एकच आहे."

"सर, कार्यशाळा कुठे झाली? मुलींचा संगणकाला हात तरी लागला का?"

"लागला की. फोटोत दिसतोय."

"बंद होते ते."

"फोटोत कळतं का?" सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा ओढलेला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. "मॅडम, मी काय हे माझ्या घरच्यांसाठी करतोय? मान्यता गेली तर पहिल्यांदा संशोधक विद्यार्थ्यांच्या जागा जातील. नसीमचं काम अर्ध्यावर आहे. समितीसमोर तिला प्रात्यक्षिक दाखवायचंय. तुम्हाला चालेल ते बंद पडलेलं?"

"मग तुम्हीच सांगा ना वृत्तिकेला. तुम्हाला ती काही विचारत नाही."

"मी बहुतेक वेळ दौऱ्यावर होतो, हे समितीला माहितीये. उपक्रमाच्या समन्वयक तुम्ही. बातमी तुमच्याच नावानं जायला हवी."

मॅडमना आणखी एक गोष्ट माहीत होती आणि ती सरांना सांगण्यात अर्थ नव्हता. जिल्ह्याची एक फिरती संगणकशाळा होती, संगणक भरलेली मोठी गाडी. ती वर्षभर गावोगाव फिरे, आणि ज्या शाळांत मुलांना आधीच प्रशिक्षण मिळालंय त्या वगळून बाकीच्या शाळांकडे जाई. कुठं मिळालंय हे 'विभागवार्ता'सारख्या वार्तापत्रांतूनच ठरे. मॅडमनी बातमी दिली, की रमिलाच्या शाळेचा नंबर गेला. आणि नाही दिली तर नसीमचं काम गेलं.  त्या उठून प्रयोगशाळेत आल्या.

"आश्रमशाळेतील मुलींसाठी संगणक कार्यशाळा घेण्यात आली," त्या म्हणाल्या. "मुलींनी स्वतः संगणक हाताळून छोटे प्रोग्रॅम लिहून पाहिले."

वृत्तिका अडली. एरवी अडे त्याहून कितीतरी जास्त वेळ काहीच उमटलं नाही. मग हळूहळू शब्द आले.

"त्या दिवशी प्रयोगशाळेतले सगळे संगणक पूर्ण वेळ बंद होते. हे असंच लिहू?"

"लिही," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही खात्रीनं सांगता आहात?"

असं दुसऱ्यांदा तिनं कधी विचारलं नव्हतं. मॅडमच्या कानशिलांत गरम झालं. आत्तापर्यंत साधं 'मान्यवर' म्हटलं तरी हिनं माझी उलटतपासणी घेतली, सरांच्या भाकडकथा मात्र मुकाट्यानं लिहिल्या. आणि आता नेमकं आजच हिला एवढी आठवण यावी? खरं म्हणजे त्यांना राग स्वतःचाच आला होता. तो त्यांनी यंत्रावर काढला.

"खात्रीनं सांगतेय. लिही म्हटलं ना."

वृत्तिकेनं लिहिलं.

पुढची बातमी वार्षिक स्नेहसंमेलनाची होती. कुणीतरी पाठवलेल्या टिपणात 'तुडुंब गर्दीत' असा शब्द होता. मॅडमनी थकून तो तसाच वाचला, आणि वृत्तिकेनं तो तसाच लिहिला. काही विचारलं नाही. त्यापुढच्या बातमीतही नाही. वार्तापत्र बघता बघता पुरं झालं. खुर्चीत मागे टेकताना मॅडमना हायसं वाटलं. शेवटी बसला एकदाचा हिचा माझ्यावर विश्वास, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. त्या दिवशी त्यांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला नाही.

समिती आली. फुलं, शाली, चहा, सगळं झालं. समितीच्या अध्यक्ष डॉ. रत्नप्रभा इनामदार कमी बोलणाऱ्या, बारीक चणीच्या बाई होत्या. सभागृह त्या दिवशी खरोखरच भरगच्च होतं, मागे विद्यार्थी उभेसुद्धा होते. नसीम व्यासपीठावर आली. सुरुवातीला ती जरा अडखळली, पण लाजेचा आणि साक्षीभाराचा मुद्दा समजावताना तिला सूर सापडला. डॉ. इनामदार पुढे सरकून ऐकू लागल्या. खैरनार मॅडमना तिचा अभिमान वाटला. आपण केलं ते हिच्यासाठी केलं, असं त्यांनी मनाला सांगितलं.

"करून दाखवा की," डॉ. इनामदार म्हणाल्या.

"मी सांगतो, मी सांगतो. एवढं ढळढळीत खोटं ती माझ्यासमोरही लिहायची नाही," म्हणत भंगाळे सर हौसेनं पुढे झाले आणि ध्वनिग्राहकाशी वाकले. "लिही. आज या सभागृहात एकही माणूस नाही."

मोठ्या पडद्यावर तत्काळ उमटलं: आज या सभागृहात एकही माणूस नाही.

विद्यार्थ्यांत खसखस पिकली. सर गोंधळून नसीमकडे बघू लागले.

"सर, तुमच्यासमोर ती अडणार नाही," नसीम हळू आवाजात म्हणाली. तिला हे बोलणं जड जात होतं, ते दिसत होतं. "भार कमी असला की ती अडत नाही. आपण ज्याला मानतो, त्याच्यासमोर खोटं बोलायची आपल्याला लाज वाटते. ज्याला मानत नाही, त्याच्यासमोर कसली लाज? तो म्हणेल ते लिहून मोकळं व्हायचं. बाहेरच्यांसमोरही ती अडणार नाही, कारण ओळख नाही. विभागातल्यांना थोडा भार मी सुरुवातीलाच दिला होता."

"म्हणजे माझ्यासमोर कधीच नाही?" सरांनी विचारलं. भरल्या सभागृहात विचारण्यासारखा तो प्रश्न नव्हता, पण त्यांच्या तोंडून निघून गेला.

"पहिल्या महिन्यात अडायची, सर."

सर खाली जाऊन बसले. सभागृहात आता कुणी हसत नव्हतं.

"मग कुणासमोर अडते ही?" डॉ. इनामदारांनी विचारलं.

"खैरनार मॅडमसमोर," नसीम म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. "वर्षभर ती मॅडमसमोर रोज अडलीय. एकेका शब्दासाठी. तिनं विचारलं आणि मॅडमनी दुरुस्त केलं नाही, असं एकदाही झालेलं नाही. माझा स्वतःचा भार मी वगळलाय, नाहीतर मीच शिकवलं म्हणाल. चाचणी म्हणून सांगितलेलं खोटंही ती खोटंच धरते, म्हणून मी मॅडमना कधी खोटं बोलायला लावलं नाही. आजच्यासाठी जपून ठेवलं होतं. मॅडम, याल का?"

खैरनार मॅडम जागेवरून उठल्या. ते टोकणं, ती उलटतपासणी, सगळं क्षणात त्यांना उलगडलं. वर्षभर ते यंत्र त्यांच्यावर संशय घेत नव्हतं. वर्षभर ते त्यांना लाजत होतं. साऱ्या विभागात फक्त त्यांना. आणि ज्या मानाची त्यांना वर्षभर लाज वाटली, तो त्यांनी आठवड्यापूर्वी 'लिही म्हटलं ना' म्हणून घालवला होता. ध्वनिग्राहकापर्यंत चालत जाताना पुढे काय होणार, हे त्यांना माहीत होतं. नसीमला माहीत नव्हतं. पुण्याहून आल्यापासून ती प्रात्यक्षिकाच्या तयारीत बुडालेली होती. ताजं वार्तापत्र तिनं वाचलंच नव्हतं, वृत्तिकेच्या नव्या नोंदीही पाहिल्या नव्हत्या.

"लिही," मॅडम म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "आज या सभागृहात एकही माणूस नाही."

आज या सभागृहात एकही माणूस नाही. ओळ लगेच उमटली, पहिल्या ओळीच्या खाली, अगदी तशीच.

नसीम पडद्याकडे बघत राहिली. तिनं काहीतरी तपासायला बटणं दाबली, पुन्हा दाबली. समितीतल्या एकानं घड्याळात पाहिलं.

"होतं असं प्रात्यक्षिकात," डॉ. इनामदार समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "यंत्रच आहे. बिघडलं असेल काहीतरी."

"मी पुण्याला गेले तोवर तर नीट होती," नसीम पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते.

मॅडमना इथं गप्प बसता आलं असतं. यंत्र बिघडलं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं, आणि बिघडलेल्या यंत्राचं खापर नसीमच्या कामावर फुटलं असतं.  विद्यार्थी समोर होते, सहकारी होते, भंगाळे सर मान खाली घालून बसले होते.

"यंत्र बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ते बरोबर आहे. मी त्याला खोटं सांगितलंय. आत्ताचं नव्हे. आश्रमशाळेच्या मुलींची कार्यशाळा झाली म्हणून तुमच्यासमोर जी बातमी ठेवलीय, ती कार्यशाळा झाली नाही. संगणक बंद होते. वृत्तिकेनं मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी लिही म्हटलं."

 त्या ध्वनिग्राहकापासून बाजूला झाल्या. कुणीतरी खुर्ची सरकवली, त्याचा आवाज फार मोठा वाटला. डॉ. इनामदारांनी पडद्यावरच्या त्या दोन सारख्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या आणि नसीमला विचारलं, "म्हणजे हे तुमचं प्रात्यक्षिक यशस्वी झालं म्हणायचं?"

 नसीम मॅडमकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर मॅडमना बरं वाटलं असतं.

नसीमचं काम समितीनं उचलून धरलं. विभागाचे उपक्रम मात्र पुन्हा तपासायचे ठरले, आणि त्यातले बरेचसे गळाले. भंगाळे सर कुणाशी फार बोलेनासे झाले. मॅडमशी बोलत, पण पूर्वीसारखी थट्टा करत नसत. कार्यशाळेची ती बातमी मॅडमनी स्वतःच्या नावानं मागे घेतली. वृत्तिकेनं ती दुरुस्ती काही न विचारता लिहिली.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?" एकदा मॅडमनी नसीमला विचारलं. "ती का अडते ते?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिच्यासाठी खरं बोलला असतात, मॅडम."

उन्हाळा लागायच्या आधी त्या मुलींना पुन्हा बोलावलं. या वेळी मॅडम सकाळीच प्रयोगशाळेत आल्या आणि एकेक संगणक स्वतः चालू करत गेल्या. मुली आल्या. मॅडम दारातच म्हणाल्या, "आज सगळे चालू आहेत हं."

"हो मॅडम," रमिला लगेच म्हणाली. काही विचारलं नाही. आत जाऊन बसली, उजळलेला पडदा बघितला, आणि सांगितलं तसं करू लागली. मुलगी हुशार होती. दुपारपर्यंत तिनं स्वतःचं नाव पडद्यावर गोल गोल फिरवून दाखवलं.

"जेवून आलं की पुढचं करायचंय," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम."

तितक्याच लगेच. आणि जेवायला जाताना तिनं दप्तर उचलून खांद्याला लावलं. बाकीच्या मुलींची दप्तरं खुर्च्यांवरच होती.  त्या जेवायला गेल्या नाहीत. प्रयोगशाळेत, चालू संगणकांमध्ये, जिन्यावर पावलं वाजायची वाट बघत बसल्या. मुली परत आल्या. रमिलाही आली, आणि दप्तर मांडीवर घेऊन बसली.

मुलींची बस गेल्यावर मॅडमनी बातमी सांगितली. "आश्रमशाळेतील मुलींसाठी संगणक कार्यशाळा झाली. सगळे संगणक चालू होते. मुलींनी स्वतः प्रोग्रॅम लिहिले." वृत्तिकेनं लिहून टाकलं. कुठे थांबली नाही.

मॅडम त्या ओळींकडे बघत राहिल्या. नसीम शेजारच्या टेबलावर तारा गुंडाळत होती.

"हे खरं आहे म्हणून ती अडली नाही," मॅडम म्हणाल्या, "की मी सांगितलं म्हणून?"

"यावरून नाही कळायचं, मॅडम. दोन्हीत ती लगेचच लिहिते."

"भार पुन्हा चढतो ना पण?"

"चढतो. हळूहळू."

"मग चढला, हे मला कधी कळेल?"

नसीमनं हातातली तार खाली ठेवली. तिला उत्तर माहीत होतं, आणि ते द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"ती तुमच्यासमोर अडली की. पण अडायला तुमच्याकडून काही चुकायला हवं. आणि बघायचं म्हणून मुद्दाम खोटं सांगितलंत, तर चढलेला असेल तोही उतरेल."

"म्हणजे मुद्दाम बघायला गेलं तर कधीच नाही."

नसीमनं तार पुन्हा उचलली. मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर ठेवला आणि पुढचं टिपण समोर ओढलं. कुठल्याशा व्याख्यानाचं होतं. त्यात 'तुडुंब' असा शब्द होता. वृत्तिकेनं विचारायच्या आत त्यांनी तो खोडला, आणि बातमी सांगायला सुरुवात केली.